यंत्रांतर : संगणकावरील खेळ एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात कसे जातात?

एका भाषेतील ग्रंथ दुसऱ्या भाषेत नेला की त्यास आपण भाषांतर म्हणतो. कादंबरीचे नाटक केले की ते रूपांतर. पण एका यंत्रासाठी रचलेला खेळ, किंवा चित्र, ध्वनी आणि मजकूर मिळून झालेली एखादी संगणकीय कृती, दुसऱ्या यंत्रावर चालेल अशी करावयाची असेल तर त्या कामाला काय म्हणावे? संगणकाच्या व्यवसायातील मंडळी त्याला 'पोर्टिंग' म्हणतात. मी वर्गात 'यंत्रांतर' हा शब्द वापरतो आणि या लेखातही तोच वापरणार आहे.

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशासाठी, अशी शंका काही वाचकांना येईल. मी मराठीचा अध्यापक, इंजिनियर नव्हे. परंतु ज्या वस्तूंत आज कथा, चित्र, संगीत आणि अभिनय एकत्र नांदतात, त्या वस्तू टिकतात कशा आणि नष्ट होतात कशा, हा प्रश्न केवळ इंजिनियरांचा राहिलेला नाही. तो आपलाही आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

शकुंतलेचे उदाहरण

यवतमाळकराला ही गोष्ट समजणे अवघड जाऊ नये. आपली 'शकुंतला' आठवा. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होते. मूर्तिजापूरला जो मोठा लोहमार्ग भेटतो त्याचे अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. त्यामुळे यवतमाळ-दारव्ह्याकडची कापसाची गाठ त्याच डब्यातून मुंबईला जाऊ शकत नसे. मूर्तिजापूरला ती उतरवावी लागे आणि दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. कापूस तोच, गाठ तीच, जायचे ठिकाणही तेच. पण चाक रुळाला जुळत नाही. शकुंतला आता बंद आहे, तरी तिने शिकविलेला हा धडा संगणकाच्या जगात रोज उपयोगी पडतो.

खेळातील कथा आणि चित्रे ही कापसाची गाठ समजा. आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, हा तिला वाहून नेणारा डबा. आणि विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड या कार्यप्रणाली किंवा टीव्हीला जोडावयाचे प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो यांसारखे कन्सोल, हे निरनिराळ्या मापांचे रूळ. यंत्रांतर म्हणजे या रुळांच्या संगमावर बसून केलेली उतरवणी आणि चढवणी.

न जुळणाऱ्या गोष्टी कोणत्या?

पहिली गोष्ट यंत्राची भाषा. प्रत्येक संगणकाचा प्रोसेसर ठराविक आज्ञाच जाणतो, आणि एका जातीच्या प्रोसेसरच्या आज्ञा दुसऱ्या जातीला कळत नाहीत. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८९ साली 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ ॲपल-२ या संगणकासाठी तयार केला. तो त्याने थेट ६५०२ या प्रोसेसरच्या बोलीत लिहिला होता. आपल्याकडे पुढे ज्या डॉसच्या संगणकांवर हा खेळ पुष्कळांनी खेळला, त्यांचा प्रोसेसर इंटेलच्या कुळातला. तेव्हा त्या यंत्रासाठी सारी आज्ञावली नव्याने लिहावी लागली. राजपुत्राची धाव तीच, तळघरातले सुळेही तेच, पण त्यांच्यामागचे एकूण एक वाक्य वेगळे! हाच खेळ 'सी'सारख्या सर्वसामान्य भाषेत लिहिलेला असता तर काम पुष्कळ हलके झाले असते, कारण 'सी'तील मजकुरावरून प्रत्येक यंत्राची बोली तयार करून देणारे कंपायलर असतात.

दुसरी गोष्ट आकडे मांडण्याची रीत. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे आधी पाच आणि मग वीस. इंग्रजीत आधी 'ट्वेंटी' आणि मग 'फाइव्ह'. संख्या एकच, उच्चाराचा क्रम उलटा. संगणकांतही असे दोन पंथ आहेत. काही यंत्रे मोठ्या संख्येचा लहान भाग आधी ठेवतात, काही मोठा भाग आधी ठेवतात. घरगुती संगणक पहिल्या पंथातले, तर प्लेस्टेशन-३ आणि एक्सबॉक्स-३६० हे कन्सोल दुसऱ्या पंथातले होते. दोन घरांत मांडलेली १ ही संख्या दुसऱ्या पंथाच्या यंत्राने उलटी वाचली तर ती २५६ होते. खेळाडूजवळ एक जीव उरलेला असताना यंत्र त्याला दोनशे छप्पन्न जीव देऊन मोकळे होईल. अशा जागा एकेक करून शोधाव्या लागतात.

तिसरी गोष्ट काळ. जुन्या काळचे पुष्कळ खेळ घड्याळ पाहून चालत नसत. प्रोसेसर आपले काम ज्या वेगाने उरकील त्याच वेगाने ते धावत. नवा, वेगवान संगणक आला की खेळातला नायक वारे प्यालेल्या वासरासारखा सुटे आणि खेळणाऱ्याची बोटे मागेच राहत. १९९० च्या सुमारास संगणकाच्या पेटीवर 'टर्बो' नावाची एक कळ असे, ती पुष्कळांना आठवत असेल. नाव वेगाचे, पण तिचा खरा उपयोग अशा खेळांसाठी यंत्र संथ करण्याचा होता.

चौथी गोष्ट यंत्राचे शरीर : स्मृती किती, पडदा केवढा, हाताशी कळफलक आहे की मूठ की नुसती काच. यातील अडचण किती बिकट असते, हे पुढील दोन उदाहरणांवरून समजेल.

एक फसलेले आणि एक नाकारलेले यंत्रांतर

'पॅक-मॅन' हा जपानी खेळ १९८० साली आला. तो नाणे टाकून खेळावयाच्या मोठ्या यंत्रासाठी होता. १९८२ मध्ये तो अटारी-२६०० या घरगुती यंत्रावर आणण्यात आला. या यंत्राची कामचलाऊ स्मृती अवघी १२८ बाइटची. आजच्या युनिकोड पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह बहुधा तीन बाइट घेते, म्हणजे त्या स्मृतीत आपली बेचाळीस चिन्हे मावतील. या लेखातील एक बरे वाक्यही मावणार नाही! शिवाय पडद्यावर खेळाडूंसारखी हलती चित्रे एका वेळी दोनच दाखविण्याची सोय त्या यंत्रात होती. एक चित्र पॅक-मॅनला गेले. उरलेल्या एकात चार भुते बसवायची! मग प्रत्येक भूत आळीपाळीने क्षणभर दाखवायचे, अशी युक्ती योजली. परिणामी भुते सारखी लुकलुकू लागली. नावाच्या जोरावर लाखो प्रती खपल्या, पण मूळ खेळ पाहिलेल्यांची निराशा झाली. मूळ कृतीचे नाव तेवढे आले, रस आला नाही. वाईट भाषांतराचा अनुभव आपल्याला नवीन नाही.

दुसरे उदाहरण याच्या उलट. निन्टेन्डोच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स-३' या खेळात मारिओ पुढे पळतो तशी मागची भूमी सुरळीत सरकते. तसे सरकविण्याची सोय त्या कन्सोलच्या घडणीतच होती. घरगुती संगणकात ती नव्हती; दर क्षणी सगळा पडदा नव्याने रंगवावा तर यंत्र दमून जाई. १९९० साली जॉन कारमॅक या तरुणाने तोड काढली. सगळा पडदा रंगवावयाचा नाही, चित्राच्या ज्या चौकटी बदलल्या तेवढ्याच रंगवावयाच्या. या युक्तीने त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मारिओचा नमुना संगणकावर उतरविला आणि निन्टेन्डोला दाखविला. कंपनीने नकार दिला. परवानगीविना दुसऱ्याचा खेळ विकता येत नाही. तेव्हा त्या मंडळींनी तीच युक्ती वापरून त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'कमांडर कीन' हा स्वतःचा खेळ आणला. मारिओचा तो नमुना २०२१ साली अमेरिकेतील एका खेळण्यांच्या संग्रहालयाने जतनासाठी घेतला.

या दोन उदाहरणांतून एक गोष्ट ध्यानात येते. मूळ कृतीत नेमके काय महत्त्वाचे आहे हे ज्याला कळते, आणि नव्या यंत्राची नाडी ज्याला सापडते, तोच चांगले यंत्रांतर करतो. चांगल्या भाषांतरकाराची लक्षणे याहून काय निराळी आहेत?

पुण्याची राजी

अलीकडे हे काम पुष्कळ व्यवस्थित झाले आहे. यंत्र आणि खेळ यांच्यामध्ये एक मधला थर ठेवतात. १९९८ साली सॅम लँटिंगाने सुरू केलेले 'एसडीएल' हे अशा थराचे एक उदाहरण. खेळाने मधल्या थराला सांगावे, 'ध्वनी वाजव', 'चित्र काढ'. मग त्या त्या कार्यप्रणालीशी कसे बोलायचे ते थराने पाहावे. 'अनरिअल', 'युनिटी' यांसारखी खेळांची 'इंजिने' हीच कल्पना आणखी पुढे नेतात.

महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण पुण्याचे आहे. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ अनरिअल इंजिनावर तयार केला. राजी ही प्राचीन भारतातील एक मुलगी. असुरांनी पळविलेल्या आपल्या भावाचा, गोलूचा, ती शोध घेते. कथेचे काही भाग सावलीच्या बाहुल्यांनी सांगितले आहेत. २०२० च्या ऑगस्टमध्ये हा खेळ प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये विंडोज, प्लेस्टेशन-४ व एक्सबॉक्स-वन यांवर.

इंजिन एकच असले म्हणजे काम संपले असे मात्र समजू नये. स्विच हे हातात मावणारे, विजेरीवर चालणारे यंत्र. त्याची स्मृती चार गिगाबाइटची, आणि तीही चित्र व आज्ञावली यांच्यात वाटून घ्यावी लागते. मोठ्या यंत्रासाठी काढलेली चित्रे अशा जागी हलकी करावी लागतात, उजेड-सावलीचा हिशोब आटोपता घ्यावा लागतो. शिवाय प्रत्येक कन्सोल कंपनीची स्वतःची परीक्षा असते. खेळ चालू असताना मूठ तुटली तर काय होते, वाचविलेला खेळ मध्येच बंद पडला तर काय होते, असे प्रश्न ती कंपनी विचारते. उत्तीर्ण झाल्याशिवाय खेळ दुकानात जात नाही.

मूळ संहिता कोणाजवळ?

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. यंत्रांतर करावयाचे तर मूळ संहिता हाताशी पाहिजे. विकत मिळते ती यंत्राच्या बोलीत गेलेली प्रत. ती चालविता येते, पण वाचून दुरुस्त करणे अतिशय कष्टाचे. ज्या रचनेवरून ती प्रत झाली, ती माणसाने लिहिलेली मूळ आज्ञावली, मूळ चित्रे, मूळ ध्वनिमुद्रणे हीच खरी संहिता होय.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची मूळ संहिता खुद्द मेकनरला वर्षानुवर्षे सापडत नव्हती. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातील एका खोक्यात जुन्या फ्लॉपी मिळाल्या. या वडिलांनीच त्या खेळाचे संगीत रचले होते. जुनी यंत्रे जपणाऱ्या जाणकारांनी त्या फ्लॉपींवरील मजकूर काळजीपूर्वक उतरवून घेतला आणि मेकनरने तो जगापुढे खुला केला. त्या फ्लॉपी आणखी काही वर्षे पडून राहत्या तर त्यांवरील चुंबकीय खुणा पुसल्या जाण्याचा धोका होता.

याउलट 'डूम' हा १९९३ चा खेळ पाहा. 'सी' भाषेतील त्याची संहिता कर्त्यांनी १९९७ मध्ये खुली केली. तेव्हापासून हौशी लोकांनी तो अक्षरशः वाटेल त्या यंत्रावर नेला. २०१४ साली एका छपाईयंत्राच्या चिमुकल्या पडद्यावरही तो चालवून दाखविण्यात आला. ज्या यंत्रासाठी तो जन्मला ते यंत्र आज कोणी वापरीत नाही. खेळ मात्र जिवंत आहे.

संहिता नसेल तेथे एक दुसरा मार्ग उरतो, तो म्हणजे अनुकारी आज्ञावलीचा. तिला इम्युलेटर म्हणतात. येथे खेळ बदलत नाहीत; नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचे सोंग उभे करतात. लहान मापाचा डबा रिकामा न करता उचलून मोठ्या गाडीच्या पाठीवर ठेवावा, तसे हे आहे. जुन्या डॉस खेळांसाठी 'डॉसबॉक्स' हेच काम करते. संकेतस्थळांवरील हजारो चलच्चित्रे आणि खेळ ज्या 'फ्लॅश'वर चालत, त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेण्यात आला. त्यांतील पुष्कळ कृती आज 'रफल' नावाच्या इम्युलेटरमुळे पुन्हा दिसतात.

आमच्या विभागाची सीडी

हे सारे दूरदेशीचे वाटू नये म्हणून घरचे उदाहरण देतो. २००१ च्या सुमारास आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी दारव्हा आणि नेर तालुक्यांतील काही गावांत फिरून कोडी, उखाणे आणि जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांवरून एका व्यावसायिकाकडून एक सीडी करून घेतली. पडद्यावर वाड्याचे चित्र. दारावर टिचकी मारली की एखादी आजी कोडे घालायची. उत्तर बरोबर आले तर दार उघडायचे आणि आत ओवी ऐकू यायची. मुलांना तो खेळ फार आवडे.

गतवर्षी एका विद्यार्थ्याने ती सीडी प्रयोगशाळेत लावली आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, सीडी तं चांगली आहे, पण कॉम्प्युटर तिले ओयखतच नाही." सीडी करणाऱ्या व्यावसायिकाने आम्हांला तयार सीडी तेवढी दिली होती, मूळ संहिता दिली नव्हती. त्याचा व्यवसायही केव्हाच बंद झाला होता. ध्वनी आणि चित्रे एकाच बंद गाठोड्यात बांधलेली होती. गावात ध्वनिमुद्रण केलेल्या कॅसेटपैकी दोनच शिल्लक होत्या. ज्यांचे आवाज त्या सीडीत आहेत त्यांतील बहुतेक म्हाताऱ्या आता हयात नाहीत.

त्या विद्यार्थ्याने हार मानली नाही. त्याने आजच्या संगणकाच्या पोटात जुना संगणक उभा केला, त्यात सीडी चालविली आणि एकेक दार उघडून चाळीसेक कोडी व ओव्या पुन्हा ध्वनिमुद्रित करून घेतल्या. आवाज हाती आला. पण तो खेळ, ते दार, चुकल्यावर आजीचे हसणे आणि पुन्हा विचारणे, हे सारे आज मोबाईलवर आणावयाचे तर पहिल्यापासून रचावे लागेल. ते काम आता दोन मुलींनी हाती घेतले आहे.

हेच काम मोठ्या प्रमाणावर कसे करता येते, याचा आदर्श महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून चालविलेल्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. गावोगावच्या बायकांच्या तोंडून त्या कागदावर उतरल्या, काही ध्वनिफितींवर आल्या, मग संगणकाच्या कोठारात गेल्या आणि २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर ऐकू येऊ लागल्या. प्रत्येक पायरीवर यंत्र बदलले. पण मूळ ऐवज जपलेला असल्यामुळे ओवी पुढे सरकत राहिली.

देवनागरीची खास अडचण

मराठीपुढे आणखी एक अडचण आहे. पूर्वीच्या अनेक फाँटांत मराठी अक्षर हे इंग्रजी अक्षराच्या जागी बसविलेले असे. तो फाँट नसेल तर सारा मजकूर निरर्थक इंग्रजी चिन्हांचा ढीग दिसतो. युनिकोडने १९९१ पासून देवनागरीला स्वतःची जागा दिली, तेव्हा हा घोळ मिटण्याची वाट खुली झाली. तरीही खेळांच्या बाबतीत काळजी घ्यावी लागते. 'कि' लिहिताना संगणकाच्या स्मृतीत आधी 'क' असतो आणि मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसली पाहिजे. जोडाक्षरांचीही तीच गत. इंजिनाला ही रीत शिकविली नसेल तर 'स्थिती' या शब्दाचीच स्थिती वाईट होते! अशा जागी अक्षर ओळखणारा माणूस लागतो, आणि तो मराठीचा विद्यार्थी असला तर उत्तमच.

आपण काय करावे?

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण प्रकल्पासाठी चित्रफिती करता, मुलाखती ध्वनिमुद्रित करता, कोणी खेळही करील. तेव्हा तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, तयार वस्तूबरोबर मूळ ऐवजही घ्यावा : आज्ञावली, चित्रे, ध्वनी, सारे सुटे. बाहेरून काम करून घेतले तर ही अट आधीच कागदावर लिहून घ्यावी. दुसरी, मजकूर युनिकोडमध्ये आणि ध्वनी-चित्रे सर्वत्र उघडतील अशा रूढ प्रकारांत ठेवावीत. तिसरी, निदान दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि दर काही वर्षांनी त्या उघडून पाहाव्यात.

यंत्रे बदलणारच. आज जो मोबाईल तुमच्या हातात आहे तोही काही वर्षांत जुना होईल, आणि त्यात भरलेल्या वस्तू पुढच्या यंत्राला ओळखू येणार नाहीत. जुन्या पोथ्या आपल्यापर्यंत आल्या त्या कागद टिकाऊ होता एवढ्याच कारणाने नव्हे. दर पिढीत कोणीतरी जुनी पोथी समोर ठेवून नवी नक्कल करीत बसला, म्हणून त्या आल्या. यंत्रांतर करणारा हा आजच्या काळातला नक्कलकार आहे. त्याला नक्कल करता यावी एवढी सोय आपण ठेवली पाहिजे, आणि जमल्यास त्याच्या शेजारी जाऊन बसलेही पाहिजे.